अयुथया: बँकॉकहून एका दिवसात काय बघावं, काय सोडावं?

शेवंती
नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबांना घेऊन बँकॉकला जातेय. भाऊ तिथेच नोकरीला आहे, त्यामुळे राहण्याची चिंता नाही. एक दिवस अयुथयासाठी, म्हणजे थायलंडच्या जुन्या राजधानीसाठी, काढलाय. एका टूरवाल्याने पाठवलेली यादी अशी: सात देवळं, बांग पा-इनचा राजवाडा, नदीतल्या बोटीवर जेवण, आणि संध्याकाळी सहाला परत बँकॉक. मला वाचूनच धाप लागली.

बाबांना इतिहासाचं भयंकर वेड, पण गुडघे कुरकुरतात. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. बाबांचा प्रश्न जसाच्या तसा देते: "बर्म्यांनी सगळं जाळलं म्हणतात, मग बघायला ठेवलंय काय?"

जाणकारांनी प्रकाश टाकावा. यादीतलं काय ठेवू, काय कापू?

घाटमाथा
सात देवळं आणि वर राजवाडा! उतरा, फोटो काढा, चढा, एवढंच होईल. सगळ्यात आधी राजवाडा कापा. तो अयुथयाच्या राजांनीच सुरू केलेला, पण आज दिसतो तो बहुतेक चुलालोंगकॉर्न राजाच्या काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. छान आहे, नटवा आहे, पण अयुथया बघायला आलेल्याने तिथे सकाळ का घालवावी?

टोपीवाला
गर्दीविरुद्ध मत देतो, राग मानू नका. मला अयुथया अजिबात भावलं नाही. पहिलं देऊळ बघून वा म्हटलं, दुसरं बघून बरं म्हटलं, तिसऱ्यात सावली शोधत बसलो. विटांचे ढीग आणि मुंडकं नसलेल्या बुद्धांच्या रांगा. ज्याने हंपी पायी पालथी घातलीय त्याला इथे नवीन काय मिळणार? तिथे निदान दगडावर नक्षी तरी आहे. त्यापेक्षा बँकॉकमध्येच वाट फो आणि वाट अरुण ही देवळं ('वाट' म्हणजे देऊळ) निवांत बघा, वडिलांचे गुडघेही वाचतील.

घाटमाथा
@टोपीवाला, हंपी एप्रिलमध्ये बघितली असती तर तिथेही सावलीच शोधली असतीत. तुम्ही अयुथयाला कोणत्या महिन्यात गेला होतात?

टोपीवाला
एप्रिल. 😐

मेनामकाठी
बरीच वर्षं बँकॉकात आहे. पाहुणे आले की त्यांना अयुथयाला न्यायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे जरा लांब लिहितो.

आधी गावाची ठेवण लक्षात घ्या. चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी या तीन नद्या इथे भेटतात आणि जुनं शहर त्यांच्या वेढ्यातलं बेट आहे. १३५० च्या सुमारास उ थोंग राजाने (गादीवरचं नाव रामाधिबोदी) ते राजधानी म्हणून वसवलं. नाव अर्थातच आपल्या अयोध्येवरून. समुद्र दूर, पण जहाजं नदीतून थेट वर यायची. चिनी, जपानी, इराणी, पोर्तुगीज, डच, सगळ्यांच्या वस्त्या बेटाबाहेर नदीकाठी होत्या. आत रस्त्यांइतकेच कालवे होते, त्यातले बरेच आता बुजलेत. म्हणून नुसतं गाडीने फिरलं की शहर हाती लागत नाही. थोडा वेळ तरी पाण्यावरून बघा.

आता यादी. माझ्या मते एका दिवसात चार ठिकाणं, पाचवं तब्येतीवर.

सकाळी आठला महाथात. त्याच्यासमोर रस्ता ओलांडला की रात्चबुराना. दोन्हींना मिळून दोन-अडीच तास द्या, ऊन चढायच्या आत उरका. मग फ्रा सी सान्फेत आणि त्याला खेटून असलेलं मोंगखोन बोफित. दुपारी बारा ते तीन काहीही बघू नका. जेवा, एसीत बसा, संग्रहालयात जा. साडेतीननंतर नदीपलीकडचं चायवत्थनाराम. बस.

सगळं सारखंच वाटतं ही टोपीवाल्यांची तक्रार मी दर पाहुण्याकडून ऐकतो. त्यावर एक उपाय आहे. देवळात शिरल्यावर आधी मधला उंच भाग बघायचा. तो बुटका, भरदार, कोनाकोनांचा आणि वर गोलसर निमुळता होत गेलेला असेल तर तो 'प्रांग', ख्मेर म्हणजे कंबोडियाच्या घडणीचा, अंगकोरच्या शिखरांच्या घराण्यातला. घंटेसारखा घाट आणि वर रिंगांचा लांब टोकदार सुळका असेल तर तो 'चेदी', हा सिंहली वळणाचा. महाथात, रात्चबुराना ही सुरुवातीच्या काळातली, तिथे प्रांग (महाथातचा आता कोसळलेला). सान्फेतमध्ये पंधराव्या शतकाच्या शेवटापासून पुढच्या तीन घंटा ओळीने उभ्या. आणि १६३० मध्ये प्रासात थोंग राजाने आईच्या स्मरणार्थ चायवत्थनाराम बांधलं, तेव्हा मुद्दाम पुन्हा ख्मेर पद्धतीकडे वळून ३५ मीटरचा प्रांग उभारला. हा गादी बळकावून बसलेला माणूस, त्याला जुन्या थाटाची गरज होतीच. एवढं डोक्यात ठेवलं की तिसरं देऊळ पहिल्यासारखं दिसत नाही.

शेवंती
@मेनामकाठी, मनापासून आभार, हे मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचा पुढचा प्रश्न: पायऱ्या किती? आणि रात्चबुराना का? टूरवाल्याच्या यादीत ते नाहीच.

मेनामकाठी
टूरवाले सोडतात कारण समोरच्या महाथातमध्ये ते झाडातलं मुंडकं आहे आणि सगळ्यांना तेवढंच हवं असतं. मला विचाराल तर बाबांसाठी दिवसभरातलं सगळ्यात खास ठिकाण रात्चबुराना.

गोष्ट अशी. १४२४ मध्ये राजा वारला. थोरले दोन मुलगे, आय आणि यी, गादीसाठी हत्तींवर बसून एकमेकांवर चालून गेले आणि दोघेही तिथेच ठार झाले. मग आपसूक तिसरा, साम फ्राया, राजा झाला. भावांना जिथे अग्नी दिला तिथे त्याने हे देऊळ बांधलं. प्रांगच्या पोटात तळघर केलं आणि त्यात सोनं ठेवलं.

ते सोनं पाचशेहून जास्त वर्षं तसंच राहिलं. बर्म्यांनी केलेल्या १७६७ च्या जाळपोळीतही कोणाच्या हाती लागलं नाही. १९५७ मध्ये चोरांनी रात्री भुयार खणून ते काढलं. काही चोर पकडले गेले, काही ऐवज परत मिळाला, बराचसा कायमचा गेला. एक चोर म्हणे सोन्याची तलवार परजत भर बाजारात नाचायला लागला म्हणून बिंग फुटलं. खरंखोटं देव जाणे, पण इथे ही गोष्ट सगळे सांगतात. जे मिळालं ते चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे: राजाची तलवार, सोन्याचे दागिने, आणि रत्नं जडवलेला, गुडघे टेकून बसलेला एक छोटा सोन्याचा हत्ती. दुपारचे तीन तास इथे घालवा. सुट्टीचे वार तेवढे आधी बघून ठेवा.

पायऱ्यांचं: प्रांगवर चढायला बाहेरून उभा जिना आहे आणि आतून तळघरात उतरणारा त्याहून अरुंद. खाली एका वेळी दोन-तीन माणसं मावतील एवढीच जागा, हवा कोंडलेली, भिंतीवर पुसट झालेली लाल रंगातली चित्रं. बाबांनी खालूनच बघावं, तू उतर आणि फोटो दाखव. कधीकधी तळघर बंदही असतं. बाकी सगळीकडे सपाट मैदान आहे, चढायची सक्ती कुठेच नाही.

सातवीण
झाडातल्या मुंडक्याबद्दल, कारण तिथे आपल्या लोकांची हमखास पंचाईत होते.

अंजिरवर्गातल्या झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं शिर आहे, जमिनीपासून फार वर नाही. फोटो काढायचा असेल तर खाली बसून काढायचा. तुमचं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा उंच राहता कामा नये. आम्ही होतो तेव्हा एक उंच तरुण नुसता वाकला, लगेच रखवालदाराने हाताने 'आणखी खाली, आणखी खाली' असं केलं, शेवटी बिचारा मांडीच घालून बसला. बाबांना उकिडवं बसवणार नसेल तर त्यांनी बाजूला उभं राहून हात जोडावेत, काही बिघडत नाही.

दुसरं म्हणजे बिनडोक्याच्या मूर्तीमागे उभं राहून आपलं डोकं लावून फोटो काढणं. मुलं करतात, मोठेही करतात. कृपा करून नको. या मूर्ती तुटल्या असल्या तरी तिथल्या लोकांसाठी बुद्धच आहेत. अनेक मूर्तींना भगवं वस्त्र गुंडाळलेलं दिसेल, समोर ताजी उदबत्ती असते. चौथऱ्यांवर बसू नये, भिंतींवर चढू नये. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आईंचा पंजाबी ड्रेस उत्तम, बाबांची बर्म्युडा नको. भिक्षूंना बायकांनी हातात हात लागेल असं काही द्यायचं नाही.

टोपीवाला
बर्म्यांनी एवढी डोकी का उडवली असतील? राज्य जिंकलं, लुटलं, समजू शकतो. पण तेही बौद्धच ना?

मेनामकाठी
चांगला प्रश्न, आणि बाबांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे.

एप्रिल १७६७ मध्ये वर्षाहून लांब चाललेल्या वेढ्यानंतर शहर पडलं. जाळपोळ झाली, लूट झाली, माणसं धरून नेली. लाकूड होतं ते सगळं गेलं: छपरं, दारं, राजवाडे. फ्रा सी सान्फेतमध्ये सोळा मीटरची सोन्याने मढवलेली उभी बुद्धमूर्ती होती, तिचं सोनं वितळवून नेलं. हे सगळं खरं.

पण आज जे 'नाही' दिसतं ते सगळं त्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. १७८२ मध्ये पहिल्या रामाने (आजच्या थाई राजघराण्याचा पहिला राजा) बँकॉक वसवायला घेतलं तेव्हा नव्या तटबंदीसाठी विटा आणल्या त्या अयुथयाच्याच तटाच्या. होड्या भरभरून नदीतून खाली. पुढे शे-दीडशे वर्षं रान माजलं, मुळांनी भिंती फोडल्या, महाथातचा मोठा प्रांग तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोसळला. आणि मुंडक्यांचं म्हणाल तर त्यातली कितीतरी चोरांनी कापली. अख्खी मूर्ती पळवता येत नाही, डोकं पिशवीत मावतं आणि परदेशातल्या पुराणवस्तूंच्या बाजारात खपतं. पुरातत्त्व खात्याने नंतर पुष्कळ डागडुजी केली. १९९१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं.

दोन गोष्टी बाबांना नक्की आवडतील. सान्फेतच्या त्या जळक्या मूर्तीचा सांगाडा पहिल्या रामाने बँकॉकला आणून वाट फोमधल्या एका चेदीत ठेवला. हिरव्या टाइल्सची मोठी चेदी, वाट फोला जाल तेव्हा आठवणीने बघा. आणि मोंगखोन बोफितमधला प्रचंड काशाचा बुद्ध छप्पर गेल्यावर जवळजवळ दोनशे वर्षं उघड्यावर होता. १९५० च्या दशकात विहार पुन्हा बांधला, त्यासाठी ब्रह्मदेशच्या पंतप्रधानांनीही देणगी दिली.

घाटमाथा
भारी! हे माहीत नव्हतं.

हंपीचा विषय निघालाच आहे म्हणून: विजयनगर बुडवणारी तालिकोटची लढाई १५६५ ची, आणि अयुथया बर्म्यांच्या हाती पहिल्यांदा पडलं ते १५६९ मध्ये. चारच वर्षांचं अंतर. फरक हा की विजयनगर पुन्हा तिथे वसलं नाही, अयुथया सावरलं आणि आणखी दोनशे वर्षं चाललं. नरेसुआन राजाने हत्तीवरच्या द्वंद्वात बर्मी युवराजाला मारल्याची गोष्ट ही त्या सावरण्याची. वाट याय चाय मोंगखोनची उंच चेदी त्या विजयाची म्हणून दाखवतात. ते बेटाबाहेर पूर्वेला आहे, बँकॉकला परतायच्या वाटेवरच. तुमच्या पाचव्या ठिकाणासाठी माझं मत त्याला.

सातवीण
माझं पाचवं मत ना फ्रा मेन. बेटाच्या उत्तरेला, जुन्या राजवाड्यासमोर पाण्यापलीकडे. बर्मी फौजेचा तळ तिथे होता म्हणून ते जाळलं गेलं नाही. म्हणजे 'काय उरलंय' याचं अख्खं उत्तर: जुनं लाकडी छत, जाड खांब आणि मुकुट घातलेला राजवेषातला बुद्ध. शेजारच्या छोट्या विहारात हिरवट दगडाचा, पाय खाली सोडून बसलेला द्वारवती काळातला बुद्ध आहे, अयुथयाहून कितीतरी जुना. थाई बखरी सांगतात की १७६० च्या स्वारीत बर्मी राजा अलौंगपाया याच देवळाजवळ तोफ फुटून जखमी झाला आणि परतताना वारला. मुख्य म्हणजे आत बसता येतं, सावली आहे. गुडघेवाल्यांसाठी हेच.

शेवंती
मतं समसमान. 🙂 बाबा ना फ्रा मेनच्या बाजूने झुकलेत, बखर शब्द वाचल्यापासून. आता आईचं बघू. काय खाईल ती?

सुगरणीचा_खोपा
हा माझा प्रांत!

"भाजी आहे का" विचारून काही होत नाही, कारण भाजीतही माशाचं पाणी (नाम प्ला) घालतात आणि त्यांच्या लेखी ते मीठच. शब्द लक्षात ठेवा: 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं, १७ या आकड्यासारखं दिसतं. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, कांदा-लसूणसुद्धा नाही. नुसतं शाकाहारी म्हणजे 'मांगसाविरात', त्यात अंडं येऊ शकतं. तिथल्या प्रसिद्ध 'बोट नूडल्स'च्या वाटेला आईंना जाऊ देऊ नका, रस्सा रक्ताने दाट केलेला असतो. सोबत दशम्या आणि चटणी असू द्याच. फळं मात्र मनसोक्त: पेरू, अननस, पपनस.

आणि रोटी साय माय सोडू नका! बेटावरच उ थोंग रस्त्यावर, मोठ्या सरकारी इस्पितळासमोर ओळीने टपऱ्या आहेत, बहुतेक मुसलमान कुटुंबांच्या. बाई हातात सैलसर पिठाचा गोळा नाचवत असते, तो तव्यावर टेकवून फिरवते आणि उचलते, तव्यावर कागदाएवढा पातळ थर राहतो. दोन क्षणांत कडा सुटतात, की बोटांनी ओढून चळतीवर. ही झाली रोटी, बहुतेकदा पांदानच्या पानांनी हिरवी झालेली. वेगळ्या पिशवीत साखरेचे रंगीत तंतू, आपले म्हातारीचे केसच, पण दमदार, चावताना जाणवणारे. रोटीत तंतू घालायचे, गुंडाळायचे, खायचे. गुंडाळून ठेवलेलं घेऊ नका, ओलावतं. रोट्या आणि तंतू वेगळे घ्या, खाताना गुंडाळा.

डिचोलीकर
गोड पदार्थांवरून एक अवांतर, पण गोव्याचं आहे म्हणून लिहितो. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का, आणि त्याच साली अयुथयाला वकील धाडला. पुढे पोर्तुगीजांना बेटाच्या दक्षिणेला वस्तीसाठी जागा मिळाली. तिथल्या चर्चचा पाया आणि दफनभूमीतले सांगाडे खणून उघडे केलेत, ते बघता येतात. नदीच्या दुसऱ्या काठाला जपानी वस्ती होती.

फोय थोंग, थोंग यिप वगैरे अंड्याच्या पिवळ्या बलकाचे सोनेरी थाई गोड पदार्थ लोकप्रिय केले ते मारिया ग्युमार या बाईने असं मानतात. तिच्या वडिलांचं घराणं गोव्याहून आलेलं, मिश्र वंशाचं. नवरा ग्रीक, फॉल्कन, नाराय राजाचा खास मंत्री. १६८८ मध्ये सत्तापालट झाला, नवऱ्याचं डोकं उडवलं आणि बाईच्या नशिबी काही वर्षांनी राजवाड्याचं मुदपाकखाना आला. शेवंतीताई, तुमच्या आईंना चालणार नाही, पण तुम्ही चाखा.

टोपीवाला
मुदपाकखाना *आला*, म्हणजे 'राजवाड्याचा'. असो. धागा भरकटला की वाचायला मजा येते, हे कबूल. मत मात्र बदललेलं नाही. नक्षी ती हंपीचीच.

घाटमाथा
नक्षी विटेवर नव्हतीच, गिलाव्यावर होती. गिलावा गळला की नक्षी गेली. चायवत्थनारामच्या बाजूच्या शिखरांच्या बाहेरच्या भिंतींवर बुद्धचरित्राचे पुसट तुकडे अजून दिसतात, उन्हं तिरपी झाली की जास्त. एप्रिलच्या दुपारी नाही दिसणार.

शेवंती
तर आमचं ठरलं ते असं: महाथात, रात्चबुराना, सान्फेत-बोफित, संग्रहालय, ना फ्रा मेन, मग चायवत्थनाराम. राजवाडा आणि बोटीवरचं जेवण रद्द. तीन शंका उरल्या. आगगाडीने जाऊ की गाडी करू? चायवत्थनाराममध्ये थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढतात म्हणे, ते काय प्रकरण? आणि पाण्यावरून बघायचं कसं?

मेनामकाठी
आगगाडी मजेची. तिसऱ्या वर्गाचं तिकीट किरकोळ, खिडक्या उघड्या, पंखे, खाऊ विकणारे डब्यातून फिरतात. पण दीड-दोन तास लाकडी नाहीतर पातळ गादीच्या बाकावर बसायचं, वेळेचा भरवसा कमी, आणि स्टेशन पा साकच्या अलीकडच्या काठावर, बेटाबाहेर. तुम्ही भावाबहिणींनी एकदा आगगाडीने जा. आई-बाबांबरोबर असताना गाडी करा, अंतर ८० किलोमीटरच्या आसपास आहे. दिवसभरासाठी नकोच असेल तर गावात बेडकाच्या तोंडाचे टुकटुक आहेत, तासावर ठरवता येतात. भाव आधी ठरवा. देवळांच्या तिकिटांचे दर बदलत असतात. मुख्य अवशेषांचं एकत्र तिकीट मिळतं का ते पहिल्याच खिडकीवर विचारा. ना फ्रा मेन आणि संग्रहालय त्यात येत नाहीत.

पोशाखाचं प्रकरण २०१८ मधल्या एका टीव्ही मालिकेपासून वाढलं. नाराय राजाच्या काळातली गोष्ट होती, ती गाजली आणि अख्खा देश नेसून-सवरून इथे लोटला. समोरच्या रस्त्यावर भाड्याची दुकानं आहेत. आईंना हौस असेल तर खुशाल करू दे, तिथे कोणी वळून बघत नाही, सगळेच नटलेले असतात.

बोट: गावाच्या ईशान्येला, हुआ रो बाजाराच्या आणि चंद्रकासेम वाड्याच्या बाजूच्या धक्क्यावरून लांब शेपटीच्या बोटी दुपारी उशिरा सुटतात आणि बेटाला वळसा घालतात. बहुतेक फानान चोएंग, फुत्थायसावन आणि चायवत्थनाराम या तीन ठिकाणी थांबतात. फानान चोएंगचा १९ मीटरचा बसलेला बुद्ध १३२० च्या दशकातल्या देवळात, म्हणजे शहर वसायच्या आधीपासूनचा, आणि तो तुम्हाला यादीबाहेर आपसूक बघायला मिळतो. फक्त एक, बोटीत चढता-उतरताना धक्का हलतो आणि पायरी उंच असते. बाबांना आधी उतरवू नका. भाऊ आधी उतरू दे, मग त्याने हात द्यावा.